गावाच्या नावाने लावलेली आग

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला वेळ लागतो. धरणाच्या काठावरच्या वस्तीचे प्रकरण मात्र तसे झाले नाही. त्यातली माणसे मला अजून जशीच्या तशी दिसतात, आणि त्यातली काही माझ्याच ठाण्यातली होती. म्हणून नावे कोणाचीच घेणार नाही. ठाण्याचे नाही आणि गावाचेही नाही. भोर आणि वेल्हे भागात ज्यांची ये-जा आहे त्यांना मुलूख ओळखू येईल, तेवढे पुरे.

मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि त्या ठाण्याचा प्रभारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. हद्दीतल्या एका मोठ्या गावाच्या खाली, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेला, कातकऱ्यांची वस्ती होती. कुडाच्या भिंती, वर पत्रे नाहीतर प्लास्टिक. धरणात मासे धरायचे, भोरच्या बाजारात विकायचे, सुगीत गावातल्यांच्या शेतावर कामाला जायचे. त्यांचे आजे-पणजे तिथेच राहत होते. पण जमीन सरकारची. त्यामुळे कागदावर ही माणसे कुठेच राहत नव्हती.

मी येण्याआधी त्या भागात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. त्यावर उपाय म्हणून आमच्या ठाण्याने गावात ग्रामसुरक्षा दल उभे केले होते. गावातले धडधाकट पुरुष निवडले, त्यांना काठ्या, शिट्ट्या, दंडाला बांधायच्या हिरव्या पट्ट्या आणि ठाण्याचा शिक्का असलेली ओळखपत्रे दिली. पुढे मोटारी चोरणारी टोळी पकडली गेली. ती परजिल्ह्यातली निघाली. तरी दल तसेच चालू राहिले, आणि त्याची नजर चोरांवरून वस्तीवर आली.

हे मला कोणी सांगितले नाही. मी स्वतः पाहिले. एका सकाळी साध्या कपड्यांत हद्द फिरताना गावाच्या फाट्यावर थांबलो होतो. डोक्यावर माशांची पाटी घेतलेली एक म्हातारी आली. हिरव्या पट्टीवाल्याने काठी आडवी धरली.

"आधार दाखव."

"काल दावलं की, बाबा."

"कालचं काल. आज दाखव."

म्हातारीने पाटी खाली ठेवली, कनवटीची पिशवी सोडली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कार्ड दाखवले आणि पुन्हा पाटी उचलून चालू लागली. मागून गावातल्या दोन बायका आल्या, त्यांना कोणी काही विचारले नाही.

ठाण्यात आल्यावर मी आमच्या फौजदारांना हा प्रकार विचारला. ते तिथे बरीच वर्षे होते. गावातल्या प्रत्येक माणसाला नावाने ओळखायचे, आणि कुठल्याही लग्ना-बारशाचे आमंत्रण त्यांना आल्याशिवाय राहत नसे.

"सर, त्यामुळे शांतता आहे," ते म्हणाले. "अंधार पडल्यावर वस्तीवरचा माणूस गावात दिसत नाही. गाव खूश आहे."

"हा नियम कोणी केला?"

"गावानं ठरवलंय, सर."

मी सांगितले की रस्त्यावर कोणाला अडवायचे नाही, ओळखपत्रे परत घ्यायची, दल बंद करायचे. ते लगेच "हो सर" म्हणाले. इतक्या लगेच होकार देणाऱ्या माणसाकडे पोलिसाने दुसऱ्यांदा बघावे, असे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवले होते. मी दुसऱ्यांदा बघितले. चेहऱ्यावर काहीच नव्हते.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी सकाळी फौजदारांनी निरोप दिला की पुण्याला वरिष्ठांनी बैठक बोलावली आहे, तातडीने निघा. मी गेलो. तिथल्या लिपिकाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आज कुठलीच बैठक नाही, साहेब." मी फौजदारांना फोन लावला. "ऐकण्यात चूक झाली असेल, सर," ते म्हणाले. "आलाच आहात तर घरी जेवूनच या." पाठीमागे माणसांचा गलका ऐकू येत होता. कुठे आहात विचारले, तर म्हणाले, ठाण्यातच.

मी जेवायला थांबलो नाही. कापूरहोळहून भोरच्या रस्त्याला लागलो आणि पुढे धरणाकडे वळलो तेव्हा उन्हे कलली होती. पाण्यापलीकडे धूर दिसत होता. उभा, काळा, प्लास्टिक जळल्यावर येतो तसा.

वस्ती शिल्लक नव्हती. घराच्या जागी घराच्या आकाराची राख होती. बायका मुलांना घेऊन पाण्याच्या कडेला बसल्या होत्या. पुरुष बाजारातून परतून नुसते उभे होते. एकही माणूस रडत नव्हता, आणि मला बघून एकही माणूस पुढे आला नाही. ज्यांचे घर जळते ते पोलिसाला बघून धावत येतात. इथे माझा गणवेश बघून एका बाईने मुलाला मागे ओढले.

फौजदार तिथे होते. त्यांनी माहिती दिली. "एका झोपडीत चुलीची ठिणगी उडाली, सर. वारं होतं. एकामागोमाग सगळ्या पेटल्या. गावातली पोरं विझवायला आली होती, पण उपयोग झाला नाही. मी आकस्मिक जळिताची नोंद करून घेतली आहे. जीवितहानी नाही. काही बायका भाजल्यात, त्यांना भोरला रुग्णालयात पाठवलंय."

मी राखेतून फिरलो. दुसऱ्या दिवशी पंचनामा करताना पुन्हा फिरलो. दोन्ही वेळा तेच दिसले. घरे एकमेकांपासून लांब लांब होती. मधली गवताची पट्टी हिरवी होती, करपलेलीसुद्धा नव्हती. ठिणगी गवत ओलांडून गेली आणि गवताला लागली नाही, असे होत नाही. मासे धरायची जाळी घरांत नव्हती, ती एका जागी ढीग करून जाळली होती. आणि मडकी फुटलेली होती. आगीने मडके तडकते, पण ही मडकी बाहेरून आत फुटली होती, काठी मारल्यासारखी. मी पंचांना दाखवले. एक पंच गावचाच होता. तो म्हणाला, "व्हय, फुटल्यात," आणि दुसरीकडे बघू लागला.

पंचनामा संपला तेव्हा फाट्यावर पाहिलेली म्हातारी एका दगडावर बसली होती. तिच्या कपाळावर काठीचा वळ होता. मी गुडघ्यावर बसलो. विचारले, "आजी, कोणी मारलं?"

"पडले."

"घरं कशी पेटली?"

"तुमच्या सायबानं ल्हिवलंय न्हवं? तसंच."

मी फौजदारांना गाडीकडे पाठवले. ते गेले, पण पुरते गेले नाहीत. बोलणे ऐकू येईल अशा बेताने उभे राहिले. म्हातारीने ते बघितले. मीही बघितले. मग मी तिला हाताने धरून पाण्याच्या कडेपर्यंत नेले आणि पुन्हा विचारले.

ती हळू आवाजात म्हणाली, "सायेब, माझं पोरगं कुठं हाय त्ये आदी सांगा. मंग म्या बोलते. समदं बोलते."

तिचा मुलगा बेपत्ता होता. चाळिशीतला माणूस, वस्तीचा कारभारी म्हणावा असा. वस्तीला घरठाण, म्हणजे राहत्या जागेचा कागदोपत्री हक्क, मिळावे म्हणून तोच भोरला कचेरीत खेटे घालायचा. नोंदीत त्याचा उल्लेख नव्हता. फौजदारांना विचारले तर म्हणाले, "तोच तर, सर. त्याच्याच झोपडीत आग लागली. घाबरून पळाला असणार. हे लोक असेच. दोन दिवसांत कुठंतरी भट्टीवर सापडेल."

भट्टीवर म्हणजे कोळशाच्या भट्टीवर. तो शब्द मला खटकला. पळालेला माणूस कुठे सापडेल हे ज्याला आधीच माहीत असते, त्याने त्याला पळवलेले असू शकते. पण खटकणे हा पुरावा नव्हे. माझ्या हातात हिरवे गवत आणि फुटकी मडकी यांपलीकडे काहीच नव्हते, आणि ज्यांच्या मदतीने तपास करायचा त्या माझ्याच माणसांवर माझा संशय होता. ठाण्यातला प्रत्येक जण मला त्या दिवशी दोन प्रकारे दिसत होता. चहा आणणारा शिपाई दाराशी का रेंगाळला? ठाणे अंमलदाराने मी येताच फोन का ठेवला? माझा चालक पुण्यात असताना दोनदा बाजूला जाऊन कोणाशी बोलला? संशय एकदा घरात शिरला की कोणतीच खोली सोडत नाही.

त्या दुपारी माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारा हळू बोलत होता.

"साहेब, वस्तीच्या आगीबद्दल बोलायचंय. पण ठाण्यात येनार न्हाई."

"मग कुठे?"

"भोरच्या एसटी स्टँडवर. तुमी एकटे या."

मी मोटारसायकलने, साध्या कपड्यांत गेलो. बाकावर पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता. शेजारच्या गावातल्या बौद्ध वस्तीतला शेतकरी. जोडीला पाण्याचा टँकर चालवायचा. त्याने आधी मला नीट न्याहाळले, मग आजूबाजूला बघितले.

"काल धूर बघितला अन् टँकर काढला," तो म्हणाला. "भरलेलाच व्हता. म्हटलं, निदान दोन-चार घरं तरी वाचतील. वस्तीच्या उतरणीवर तुमच्या ठाण्याची गाडी आडवी लावलेली. फौजदार खाली उतरले. म्हनाले, रस्ता बंद हाय, मागं फिर. म्या म्हटलं, साहेब, पाणी हाय यात, माणसं जळतील. तर म्हनाले, तुझ्या गावाची काळजी कर."

"तुम्ही तेव्हा काय पाहिलं?"

"खाली हिरव्या पट्टीवाले. डब्यांतनं डिझेल टाकत व्हते. एकेका घरावर. घाई न्हाई, गडबड न्हाई. जसं काय कामावर आल्यात." त्याने पुन्हा आजूबाजूला बघितले. "अन् म्हातारीचा पोरगा. त्याला दोघांनी धरून एका पांढऱ्या जीपमदी घातलं. त्यो वरडत व्हता. फौजदार तितंच उभे व्हते."

"हे काल का नाही सांगितलं?"

"कुणाला सांगू? ज्यानं अडवलं त्याच्याच ठाण्यात येऊन?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "आज तरी तुमाला का सांगतोय, त्ये मलाबी कळत न्हाई. तुमी त्यांच्यातलेच असाल तर माझं काय हुईल?"

मी त्याला शपथ घातली नाही आणि घेतलीही नाही. फक्त म्हणालो की तुमचा जबाब मी आज घेणार नाही. घेईन तेव्हा पोलिसांसमोर घेणार नाही. तो एवढ्यावर उठला. जाताना म्हणाला, "पोरगा जित्ता असंल तर लवकर करा."

ठाण्यात परतलो तोवर फौजदारांनी दलातल्या माणसांना 'साक्षीदार' म्हणून बोलावून त्यांचे जबाब घेऊनही ठेवले होते. मी ते वाचले. सगळ्यांनी धूर पाहिला होता, सगळे बादल्या घेऊन धावले होते, सगळ्यांनी 'शर्थीचे प्रयत्न' केले होते. शब्दसुद्धा तेच. खरी घटना माणसे वेगवेगळी सांगतात. एकाला कुत्रे आठवते, दुसऱ्याला मुलाचे रडणे. सगळ्यांना एकच आठवत असेल तर ते त्यांना कोणीतरी आठवायला दिलेले असते.

मी एकेकाला आत बोलावले. फौजदार खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "गावची माणसं आहेत सर, तुमच्याशी बुजतील." मी बसू दिले, कारण मला एक गोष्ट बघायची होती. आणि ती दिसली. प्रश्न मी विचारत होतो, पण उत्तर देण्याआधी प्रत्येक माणूस फौजदारांकडे बघत होता.

शेवटी आला तो गावातला गिरणीवाला. फाट्यावर म्हातारीला अडवणारा तोच. त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि एका बाजूची भुवई जळलेली होती. मी फौजदारांना म्हणालो, "भोरच्या रुग्णालयात जखमी बायका आहेत, त्यांचे दाखले तुम्ही स्वतः जाऊन घेऊन या. दुसऱ्या कोणाचं काम नाही ते." ते रेंगाळले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते गेले. गाडी फाटकाबाहेर पडल्याचा आवाज येईपर्यंत मी गिरणीवाल्याशी एक शब्द बोललो नाही.

मग विचारले, "हात दुखतोय का?"

"न्हाई... थोडा."

"विझवताना भाजला?"

"व्हय."

"विझवताना माणूस पाण्याचा हात पुढं करतो. भुवई कशी जळली?"

मी त्याच्यावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. मी त्याला सकाळपासून विचारत गेलो. गिरणी कधी बंद केली, बाजाराच्या दिवशी का बंद केली, कोणी बोलावले, डबा कोणी दिला. खोटे सांगणाऱ्याला गोष्टीचा मधला भाग पाठ असतो, सुरुवात पाठ नसते. सकाळपाशीच तो अडखळला.

"साहेब, आमी गुन्हेगार न्हाई," तो एकदम म्हणाला. "आमाला सांगितलं, सरकारी काम हाय. अतिक्रमण काढायचंय. नोटीस दिली तर कोर्टात जात्यात, वर्षं जात्यात. गावानं काढलं तर गावाचा रोष म्हनून मिटतं. फौजदारांनीच सांगितलं. वरून बोलनं झालंय म्हनले. डिझेलचे डबे त्यांच्याच गाडीतनं उतरले. शिट्टी वाजली की सुरू करायचं."

"शिट्टी कोणी वाजवली?"

तो म्हणाला, "त्यांनीच."

"जागा कोणाला पाहिजे?"

त्याने एका बांधकाम व्यावसायिकाचे नाव घेतले. काठावर बंगले आणि नौकाविहार होणार होता. गावातल्या पोरांना नोकऱ्या देऊ म्हणून त्याने सांगितले होते. त्या माणसाची ऊठबस कोणाकोणाकडे होती, हे सगळ्या तालुक्याला माहीत होते.

"म्हातारीचा मुलगा कुठं आहे?"

त्याने मान खाली घातली. मी पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा विचारले, आणि तेव्हा त्याच्या भाषेत म्हणालो, "त्याची आई दगडावर बसून हाय. कालपास्नं. तिला काय सांगू?"

"जित्ता हाय," तो म्हणाला. "वेल्ह्याच्या अंगाला बंगला हाय त्या बिल्डरचा. तितं ठेवलाय. आज टेम्पो येनार हाय. भट्टीवर धाडनार हायेत, लांब, परराज्यात. त्यानं फौजदारांना डबे उतरवताना बघितलंय, म्हनून."

आता जायचे कोणाला घेऊन, हा प्रश्न होता. ठाण्यात बोलणे म्हणजे बंगल्यावर फोन जाणे. मी दुसऱ्या जिल्ह्यातून नुकतीच बदलून आलेली एक महिला पोलीस घेतली, दोन शिपाई घेतले, गिरणीवाल्याला मध्ये बसवले. सगळ्यांचे मोबाईल माझ्या पिशवीत टाकायला लावले. चालकाला सांगितले, पुण्याला जायचे आहे. महामार्गावर चेलाडी फाटा आला तेव्हा म्हणालो, "डावीकडं घे." त्याने आरशातून माझ्याकडे बघितले. मीही बघितले. त्याने गाडी वळवली. नसरापूर गेले, मार्गासनी गेले. त्या चालकावर मी त्या दिवशी घेतलेला संशय फुकटचा होता. पुण्यात तो आजारी बायकोशी फोनवर बोलत होता, हे मला फार नंतर कळले.

बंगल्याच्या फाटकाशी टेम्पो उभा होता. इंजिन चालू होते. राखणदार पुढे आला, गणवेश बघून हसला आणि म्हणाला, "आलात होय? फौजदार साहेब नाही आले?" त्या एका वाक्याने माझे बरेच काम झाले.

मुलगा मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीत होता. हात मागे बांधलेले, एक डोळा सुजून मिटलेला. दार उघडल्यावर त्याने गणवेश बघितला आणि भिंतीला सरकला. महिला पोलिसाने पुढे होऊन दोर सोडला आणि पाण्याची बाटली दिली. तो प्यायला नाही. आधी तिने एक घोट घ्यावा म्हणून तिच्याकडे बघत राहिला. तिने घेतला. मग त्याने बाटली संपवली.

"माझी आय?" त्याने विचारले.

"आहे. वाट बघते आहे."

त्याला वस्तीवर नेले तेव्हा म्हातारी त्याच्याकडे धावली नाही. तो जवळ आल्यावर तिने त्याचे तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवले, सुजलेला डोळा बघितला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता ल्हिवा, सायेब." तिने फिर्याद दिली. एक शब्द न चुकता, एक शब्द न वाढवता.

फौजदार ठाण्यात माझी वाट बघत होते. त्यांना सगळे कळले होते. माझ्या खोलीत येऊन त्यांनी दार लोटले. पहिल्यांदाच ते 'सर' म्हणाले नाहीत.

"तुम्ही आज आहात, उद्या बदली होईल. मला या गावात राहायचंय. मी काय स्वतःच्या मनानं केलं? वरून सांगितलं होतं."

"कोणी?"

"फोन होता."

"कोणाचा?"

ते हसले. "लिहून घ्याल? लिहून घेतलंत तर कुठं पाठवाल? ज्यांचा फोन होता त्यांच्याचकडं जाईल ते."

हे बोलणे मला धमकी वाटले, पण त्यात एक अडचण खरी होती. फिर्यादीवरून जाळपोळ, दंगल आणि अपहरणाची कलमे लागत होती. त्याबरोबर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलमही लागत होते. ते लावले की तपास माझ्या हातातून उपअधीक्षकांकडे जाणार. आणि तो फोन उपअधीक्षकांचाच असला तर? त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारलेही होते, "दोन गटांतली मारामारी वाटते का हो? गावकऱ्यांचीही काही तक्रार असेल, तीही बघा." साधे वाक्य होते. मी ते उलटसुलट करून पाहत होतो. हा अनुभवी अधिकाऱ्याचा सल्ला होता की इशारा?

कलम लावले नाही तर तपास माझ्याकडे राहतो, पण वस्तीवरच्या माणसांवर जे झाले ते नावानिशी लिहिले जात नाही. लावले तर लिहिले जाते, पण ज्याच्यावर संशय त्याच्या हातात जाते. मी कलम लावले. मात्र गुन्हा दाखल होताच, कागद हातातून जाण्याआधी, टँकरवाला, गिरणीवाला आणि म्हातारीचा मुलगा यांना भोरच्या न्यायालयात हजर केले आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्यांचे जबाब नोंदवून घेतले. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. आत काय सांगितले ते मला ऐकू येणार नव्हते आणि कोणालाच खोडता येणार नव्हते. टँकरवाला बाहेर आला तेव्हा घामेजला होता. म्हणाला, "आता व्हायचं ते हुईल."

उपअधीक्षकांबद्दलचा माझा संशय खोटा ठरला. त्यांनी तपास नेटाने केला आणि माझ्यापेक्षा जास्त माणसांना अटक केली. फोन कोणाचा, हे मात्र त्यांनाही सिद्ध करता आले नाही. मला वर्षभराच्या आत प्रशिक्षण केंद्रावर पाठवण्यात आले. बदलीच्या आदेशात कारण लिहायची पद्धत नसते.

खटला उभा राहिला तेव्हा मी साक्षीला गेलो होतो. म्हातारीची उलटतपासणी माझ्यासमोर झाली. बचावाचे वकील नावाजलेले होते. त्यांनी विचारले, "त्या जागेचा सातबारा तुमच्या नावावर आहे?"

"न्हाई."

"घरपट्टी भरता?"

"कुनी मागितली न्हाई."

"मग तिथं राहायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?"

म्हातारी म्हणाली, "आमचा हक मला सांगता येत न्हाई, वकीलसायेब. पर आमाला जाळायचा हक त्यांना कुनी दिला, त्ये तुमी इचारलं का त्यांना?"



दलातल्या बऱ्याच जणांना शिक्षा झाली. फौजदारांनाही झाली, त्यांनी अपील केले. बांधकाम व्यावसायिक पुराव्याअभावी सुटला, पण बंगले झाले नाहीत. गिरणीवाला माफीचा साक्षीदार झाला. गावाने त्याच्याकडे दळण टाकणे बंद केले, आणि तो गिरणी विकून पोरीच्या गावाला गेला. वस्ती त्याच जागी पुन्हा उभी राहिली. काही घरांना आता घरठाणाचे कागद आहेत, काहींना नाहीत.

मला या प्रकरणाने काय शिकवले, असे नवे अधिकारी विचारतात. पोलिसाचा संशय सवयीने खाली वाहतो. ज्याला घर नाही, कागद नाही, आडनाव लोकांना माहीत नाही, त्याच्याकडे. आम्ही मोटारींच्या चोरीसाठी वस्तीकडे बघत राहिलो आणि ज्यांच्या दंडावर आम्हीच पट्टी बांधली होती त्यांच्याकडे बघितले नाही. सरकारने हातात काठी दिली आणि नजर दुसरीकडे वळवली की साधा गिरणीवाला एका दिवसात काय होतो, ते मी पाहिले आहे. तो वाईट माणूस नव्हता. त्याला परवानगी मिळाली होती.

निवृत्तीनंतर एकदा भोरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा वस्तीवर गेलो. म्हातारीने ओळखले. कोरा चहा दिला. मुलगा मासे विकून परतला होता, त्याचा तो डोळा अजून थोडा मिटलेलाच राहतो. इकडचे तिकडचे झाल्यावर म्हातारीने विचारले, "ठान्यात आता कोन सायेब हाय?"

मी नाव ऐकून होतो, माणूस बघितला नव्हता. तसे सांगितले.

"मानूस कसा हाय?"

चांगला आहे, असे म्हणायचे तोंडावर आले होते. म्हणालो, "माहीत नाही, आजी."

तिने मान हलवली. तिला तेच उत्तर अपेक्षित असावे.

परतताना मी ठाण्यासमोर गाडी थांबवली. नव्या साहेबांना भेटलो, ओळख सांगितली. म्हणालो, एकदा वस्तीवर जाऊन या, काही काम नसताना जाऊन या. त्यांनी आदराने चहा मागवला आणि नक्की जातो म्हणाले. लगेच म्हणाले. आता महिन्यातून एकदा मी म्हातारीच्या मुलाला फोन करतो. पाणी किती आहे, मासे मिळतात का, असे बोलून झाले की विचारतो, "साहेब येऊन गेले का?"

अजून तरी तो "न्हाई" म्हणतो.